ब्राउझरमध्ये फोटोशॉप चालतं, मग मामांचं दुकान डेस्कटॉपवरच का?

आमच्या टीममध्ये दर काही महिन्यांनी हा वाद निघतोच, की डेस्कटॉप सॉफ्टवेअर संपलं का, आता सगळं ब्राउझरमध्येच होणार का. मी वेबवर काम करूनच पोट भरतो त्यामुळे मी कुठल्या बाजूला असणार हे सगळे धरूनच चालतात. पण माझं म्हणणं सरळ सांगतो. ताकदीच्या बाबतीत वेबने डेस्कटॉपला जवळजवळ गाठलंय. जिथे मागे आहे तिथे बहुतेक वेळा कारण हे असतं की ब्राउझर मुद्दामच कुणालाही तुमच्या मशीनला हात लावू देत नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते, ती म्हणजे फाइल तुमच्याकडे राहत नाही. या तिन्ही गोष्टी लोक एकत्र कालवतात आणि मग वादाला शेंडाबुडखा राहत नाही.

आधी ताकदीचं बघू. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं तेव्हा पान रिफ्रेश न होता मेल उघडते याचंच केवढं कौतुक होतं. पान जागेवर ठेवून मागच्या मागे सर्व्हरकडून डेटा आणायची ती युक्ती मुळात मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब ॲक्सेसवाल्या टीमने काढलेली, १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये आलेली. मग २००५ ला गूगल मॅप्स, २००६ ला गूगलने रायटली विकत घेतलं त्याचं पुढे डॉक्स झालं. पण ही सगळी मजकुराची, फॉर्मची, नकाशाचे तुकडे जोडायची कामं. जड कामं म्हणजे मोठे फोटो, थ्रीडी, कॅड, तिथे ब्राउझरची भाषा जावास्क्रिप्ट, तिचा दम निघायचा.

खरा फरक पडला तो फिग्मामुळे असं मला वाटतं. हे ॲप, वेबसाइटची स्क्रीन डिझाइन करायचं टूल २०१६ ला सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि त्याचं इंजिन सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं, ते कंपाइल करून ब्राउझरमध्ये चालवायचं आणि चित्र वेबजीएल या ब्राउझरच्या सोयीने थेट ग्राफिक कार्डाकडून काढून घ्यायचं. म्हणजे कामाच्या जागेसाठी ब्राउझरकडून त्यांनी एक कोरा चौकोन घेतला, आत काय आणि कसं काढायचं ते सगळं स्वतःचं. २०१७ ला वेबअसेम्बली, म्हणजे असा कंपाइल केलेला कोड ब्राउझरमध्ये वेगाने चालवायची सोय, सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आलं आणि फिग्मावाल्यांनीच तेव्हा लिहिलं की लोड व्हायचा वेळ एक तृतीयांशावर आला. पुढे २०२२ मध्ये ॲडोबीने हीच कंपनी २० अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तो व्यवहार २०२३ च्या डिसेंबरात मोडला, पण जिच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरवर सगळं जग काम करतं ती कंपनी ब्राउझरमधल्या टूलसाठी एवढी रक्कम मोजायला तयार झाली यातच काय ते आलं.

ऑटोकॅडचं उदाहरण तर मला अजून आवडतं. त्याचं पहिलं व्हर्जन १९८२ चं, तेव्हापासून साचत आलेला कोड, तो त्यांनी फेकून नव्याने लिहिला नाही, त्याचा गाभाच वेबअसेम्बलीत कंपाइल करून २०१८ ला ब्राउझरमध्ये आणला. फोटोशॉपचंही तसंच, २०२१ ला बीटा आला आणि २०२३ च्या सप्टेंबरात सगळ्यांसाठी खुलं झालं. आणि फोटोपी बघितलं नसेल तर आजच बघा, इव्हान कुत्स्किर या एका माणसाने ते लिहिलंय, फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं, लेयर मास्क सगळं आहे, आणि तुमचा फोटो त्यांच्या सर्व्हरवर जात पण नाही, सगळं काम तुमच्याच मशीनवर होतं. त्यामुळे "ब्राउझरमध्ये काय होणार" हे वाक्य आता कुणी म्हटलं की मला खरंच राग येतो.

आता मर्यादा कुठे येते ते एका सांगलीच्या दुकानावरून सांगतो. माझ्या मामांचं तिथे पत्रिका, बिलबुकं आणि फ्लेक्सचं काम चालतं. समजा २० बाय १० फुटांचा फ्लेक्स आहे आणि इंचाला १०० ठिपके (डीपीआय) धरले, तर फाइल होते २४,००० बाय १२,००० पिक्सेल, म्हणजे २८.८ कोटी पिक्सेल. क्रोममध्ये एका कॅनव्हासचं, म्हणजे चित्र काढायच्या चौकोनाचं, जास्तीत जास्त क्षेत्रफळ १६,३८४ बाय १६,३८४ एवढं, म्हणजे २६.८ कोटी. बसतच नाही. अर्थात यावर उपाय आहे, चित्राचे तुकडे पाडायचे आणि जो भाग स्क्रीनवर आहे तेवढाच काढायचा, डेस्कटॉपवाले पण तेच करतात. पण मेमरीचा हिशोब सुटत नाही. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एकच लेयर १.१५ जीबीच्या आसपास जातो, आणि वेबअसेम्बलीची मेमरी ३२ बिटची, म्हणजे ४ जीबीला छत. नेत्याचा फोटो, शुभेच्छुकांचे फोटो, बॅकग्राउंड, वरून अनडूची हिस्टरी, एवढ्यात ते छत डोक्याला लागतं. २०२५ मध्ये वेबअसेम्बली ३.० आलं त्यात ६४ बिट मेमरीची सोय झाली, क्रोम आणि फायरफॉक्सने ती घेतली पण, त्यामुळे हे छत आता उचललं जातंय. म्हणून मी म्हणतो की ताकदीचा प्रश्न हा नुसता वेळेचा प्रश्न आहे.

रंगाचं मात्र तसं नाही आणि छपाईवाल्यांसाठी ते जास्त महत्त्वाचं. ब्राउझरचा कॅनव्हास आरजीबीमध्येच, म्हणजे स्क्रीनच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांतच विचार करतो, छपाईच्या चार शाया (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी), म्हणजे सीएमवायके त्याला ठाऊकच नाही. याचा त्रास फोटोत फारसा दिसत नाही, पत्रिकेच्या तळाला जो बारीक पत्ता असतो ना कार्यालयाचा, सात आठ पॉइंटमधला, तिथे दिसतो. आरजीबीतला काळा साधेपणाने सीएमवायकेत नेला की तो नुसत्या काळ्या प्लेटवर न येता चारही प्लेटांवर वाटला जातो, आणि ऑफसेटवर रजिस्ट्रेशन, म्हणजे प्लेटांची एकमेकींवरची जुळणी, केसभर जरी हललं तरी त्या अक्षरांना लाल निळ्या कडा दिसायला लागतात. गिऱ्हाईक मोबाइलवर एखाद्या वेब ॲपमध्ये सुंदर पत्रिका करून आणतं, आणि ऑपरेटर ती कोरलड्रॉ या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये (कोरलमध्ये) घेऊन बारीक अक्षर परत काळ्यात टाइप करत बसतो. मामा म्हणतात, "डिझाइन झकास असतंय रे, पण प्लेटला जायच्या लायकीचं नसतंय." वेब ॲपने स्वतःच्या मेमरीत सीएमवायके सांभाळायचं ठरवलं तर ते होतं, नाही असं नाही, पण त्यासाठी आधी कुणीतरी छापखान्यात उभं राहून बघायला पाहिजे की काय बिघडतंय.

आता दुसरी गोष्ट, ब्राउझर आणि तुमचं मशीन यांच्यातल्या भिंतीची. ही भिंत कशी आहे ते समजून घ्यायचं तर व्हीएस कोड हा प्रोग्रामरांचा एडिटर बघा. ते जे आपण डेस्कटॉपवर इन्स्टॉल करतो ते २०१५ पासून इलेक्ट्रॉनवर आहे, म्हणजे आत क्रोमचंच इंजिन क्रोमियम, सगळं इंटरफेस वेबच्याच भाषांमध्ये. आणि २०२१ ला त्यांनी तोच एडिटर थेट ब्राउझरच्या टॅबमध्ये पण दिला. म्हणजे टीम तीच, कोड बराचसा तोच, फक्त एक ब्राउझरच्या बंद खोक्यात आणि एक खोक्याबाहेर. दोघांमध्ये फरक काय? टॅबमधल्याला तुमच्या मशीनचं टर्मिनल, म्हणजे कमांड द्यायची खिडकी, नाही. तुमचा कंपायलर चालवता येत नाही, डीबगर जोडता येत नाही, टर्मिनलवर अवलंबून असलेली एक्स्टेन्शन चालत नाहीत. टायपिंग, सर्च, रंग, स्पीड, सगळं तसंच. याहून स्वच्छ प्रयोग कुणी मुद्दाम करायचा म्हटला तरी झाला नसता, आणि त्यातून दिसतं ते हेच की कमी पडते ती परवानगी.

आपल्याकडे या भिंतीचा अनुभव प्रोग्रामर नसलेल्या लोकांनाही रोज येतो. जीएसटीच्या पोर्टलवर डिजिटल सहीच्या डोंगलने सही करायची तर वेबसाइट पुरत नाही, एमसायनर नावाचा प्रोग्राम मशीनवर बसवावा लागतो, कारण वेबपेजला त्या यूएसबी टोकनशी स्वतः बोलता येत नाही. पूर्वी हे काम जावा ॲपलेट करायचे, पण क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये तसले प्लगिन काढून टाकले, तेव्हापासून मशीनवर एक छोटा प्रोग्राम चालू ठेवायचा आणि पोर्टलने त्याच्याशी बोलायचं ही पद्धत पडली. आधारच्या अंगठ्याच्या मशीनचं पण तेच. सेवा केंद्रात किंवा बँक मित्राकडे तुम्ही अंगठा टेकवता तेव्हा विंडोजवर मागे आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्राम चालू असतो, आणि वेबपेज १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच कंप्युटरवर, १११०० ते १११२० मधले पोर्ट (प्रोग्रामची दारं) एकेक करून चाचपतं की कुठे उत्तर मिळतंय का. समोरचा माणूस "सर्व्हिस बंद आहे, थांबा जरा" म्हणून कंप्युटर रीस्टार्ट करतो ते यासाठीच असतं बऱ्याचदा. दिसायला वेब ॲप, पण त्याचा हात डेस्कटॉपचाच.

मामांच्या फ्लेक्स मशीनला पण असाच एक विंडोज कंप्युटर जोडलेला आहे, त्यावर रिपचं सॉफ्टवेअर, म्हणजे डिझाइनचं मशीनला कळणाऱ्या ठिपक्यांत रूपांतर करणारं, ते मशीनशी केबलने बोलतं, शाई किती सोडायची, हेड किती वेळा फिरवायचं हे ते ठरवतं. ते ब्राउझरमध्ये येणार नाही. निदान मला तरी दिसत नाही कसं येईल.

आणि मला ही भिंत पाडायची घाई पण नाही. आपण दिवसभरात किती अनोळखी वेबसाइट उघडतो, लिंक आली की टच केलं. त्यातल्या प्रत्येकीला यूएसबी, फाइल, ब्लूटूथ सगळं मोकळं असतं तर काय झालं असतं? अनोळखी माणसाला आपण ओसरीवर बसवतो, पाणी देतो, पण एकदम माजघरात नेत नाही, ब्राउझर तेच करतो. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष बाहेर आला तेव्हा ब्राउझरवाल्यांनी थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांमध्ये, मेमरी वाटून घ्यायची सोयच बंद केली होती, कारण तिच्यातून अचूक वेळ मोजता येत होती आणि त्यावरून दुसऱ्याचा डेटा काढता येण्याचा धोका होता. जड वेब ॲपला ती सोय फार लागते, पुढे ती कडक अटींवर परत मिळाली. २०२० मध्ये ॲपलने वेब ब्लूटूथ, वेब यूएसबी, वेब मिडी असे १६ एपीआय (मशीनच्या सोयी वेबपेजला वापरू देणारे दरवाजे) सफारीत घेणार नाही असं सांगितलं, कारण दिलं की त्यातून माणसाची ओळख पटवता येते. यावर आमच्या क्षेत्रातले बरेच लोक चिडले, ॲपलला स्वतःचं ॲप स्टोअर वाचवायचंय म्हणाले. त्यात तथ्य असेलही, पण दिलेलं कारण खोटं नाही.

आता तिसरं, फाइलचं. इथे मी वेबवाल्यांच्या विरोधात आहे, आणि हे मी मनापासून लिहितोय.

मामांच्या कपाटात जुन्या हार्ड डिस्क आहेत. एखाद्या घरातल्या थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तिथून काढून धाकटीच्या लग्नात नावं बदलून छापलीय, मी बघितलंय. ज्या व्हर्जनमध्ये ती केली होती ते व्हर्जन कधीच मागे पडलं, तरी फाइल उघडली. लाइट नसेल तर इन्व्हर्टरवर काम चालतं, केबलवाल्याचं नेट गेलं तर कुणाला पत्ता पण लागत नाही. याउलट आमच्या ऑफिसात आकृत्या काढायला एक ऑनलाइन टूल वापरायचो, चांगलं होतं, ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली आणि काही महिन्यांत बंद करायची मेल आली. एक्सपोर्टचं बटण दिलं होतं त्यातून नुसती चित्रं निघाली, ज्यात परत काही बदलता येत नाही. आकृत्या आमच्या, मेहनत आमची, आणि हातात काय तर फोटो. त्यात कुणी बेकायदा काही केलं नव्हतं, अटींमध्ये सगळं लिहिलेलं होतं, पण म्हणून ते बरोबर होत नाही.

हे खरं की डेस्कटॉपवाले पण आता धुतल्या तांदळाचे राहिले नाहीत. ॲडोबीचं क्रिएटिव्ह सूट ६ आलं २०१२ मध्ये, त्यानंतरची व्हर्जन एकदाच पैसे भरून कायमची घ्यायची सोय संपली आणि २०१३ पासून नवं व्हर्जन फक्त क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीवर मिळायला लागलं. म्हणजे सॉफ्टवेअर मशीनवर असलं तरी चावी त्यांच्याकडे. त्यामुळे ब्राउझर की डेस्कटॉप यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं की फाइल कुठल्या डिस्कवर आहे आणि ती त्या कंपनीशिवाय उघडते का. २०१९ मध्ये इंक अँड स्विच या रिसर्च ग्रुपने लोकल फर्स्ट सॉफ्टवेअर म्हणून एक मोठा निबंध लिहिला, डेटा आधी तुमच्या मशीनवर, सर्व्हर फक्त दोघांमध्ये देवाणघेवाण करायला, ही कल्पना त्यात नीट मांडलीय. सगळ्या वेब डेव्हलपरने तो वाचावा असं मला फार वाटतं.

आणि तांत्रिक अडचण आहे असं पण नाही हो. सर्व्हिस वर्कर या ब्राउझरमधल्या सोयीमुळे वेब ॲप नेटशिवाय उघडतं. क्रोममध्ये २०२० पासून वेब ॲप तुमच्या परवानगीने डिस्कवरची फाइल उघडून त्याच फाइलमध्ये सेव्ह करू शकतं, अगदी कंट्रोल एस मारल्यासारखं. फायरफॉक्स आणि सफारीने ते तसं घेतलं नाही, तिथे प्रत्येक वेळी फाइल डाउनलोड होते, ही खरी गैरसोय आहे. आणि सफारीत एखाद्या साइटने ब्राउझरमध्येच साठवलेला डेटा, तुम्ही ७ दिवस तिच्याकडे फिरकला नाहीत तर उडू शकतो, २०२० पासून तसा नियम आहे, होम स्क्रीनवर घेतलेल्या ॲपला तेवढी सूट. म्हणून ब्राउझरच्या पोटात ठेवलेल्या डेटावर कुणी विसंबू नये, खरी फाइल खऱ्या फोल्डरमध्ये पाहिजे. एक्सकॅलिड्रॉ बघा, आकृत्यांसाठी आम्ही आता तेच वापरतो, ओपन सोर्स आहे, नेट बंद केलं तरी चालतं, फाइल आपल्या डिस्कवर साधी टेक्स्टसारखी पडते. म्हणजे होतं. करायची इच्छा पाहिजे.

एक ठिकाण असं आहे जिथे वेब डेस्कटॉपच्या पुढे गेलंय आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही, ते म्हणजे मराठी अक्षर. मामांकडे अजून सगळं श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये चालतं, सगळीकडे चालणारा युनिकोड नाही, त्यामुळे तो मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतं आणि ऑपरेटर तो बघून परत टाइप करतो, नाहीतर कन्व्हर्टरमधून काढून चुका शोधतो. फोटोशॉपमध्ये कित्येक वर्षं जोडाक्षरं नीट यायला प्रेफरन्समध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन बदलावं लागायचं आणि हे बहुतेकांना माहीतच नव्हतं, लोक समजायचे फॉन्ट खराब आहे. ब्राउझरमध्ये असलं काही नाही. क्रोम आणि फायरफॉक्स दोघेही अक्षरं जुळवणारं हार्फबझ वापरतात, "ऱ्या" बरोबर येतो, "ज्ञ" येतो, आणि पानावर भाषा मराठी आहे एवढं सांगितलं आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ल आणि श पण हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचे "मुक्त" आणि "बलू" असे फॉन्ट फुकट मिळतात. जे काम डीटीपीच्या (छपाईसाठी कंप्युटरवर पान जुळवायच्या) जगात आजही डोकेदुखी आहे ते वेबवर सुटलेलं आहे.

म्हणून माझ्या डोक्यात सध्या एकच गोष्ट घोळतेय. ब्राउझरमध्ये चालणारं, मराठी छपाईसाठीचं एक साधं पान जुळवायचं टूल. युनिकोडमध्ये टायपिंग, हार्फबझ वेबअसेम्बलीत मिळतंच, काळा रंग काळ्याच प्लेटवर, ब्लीड (कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून जास्तीचा रंग) आणि कटिंग मार्कसकट पीडीएफ, आणि फाइल दुकानदाराच्या डिस्कवर, लॉगिन नाही, नेट नाही. फ्लेक्सची रिप तिकडे डेस्कटॉपवर राहू दे, तिला हात लावायचा नाही. मी सुरुवात केलीय, "आमच्या येथे श्री कृपेकरून" पासून "आपले विनम्र" पर्यंत एक पूर्ण पत्रिका टेस्ट फाइल म्हणून ठेवलीय, चि. सौ. कां. च्या पूर्णविरामांसकट ओळी बरोबर तुटतायत, पीडीएफमधला काळा अजून चार प्लेटांवर जातोय, तिथे अडकलोय. ज्यांना पीडीएफच्या आतलं किंवा रंगाच्या प्रोफाइलचं कळतं त्यांनी खाली लिहा. आणि तुम्ही डीटीपी ऑपरेटर असाल तर नक्की लिहा, कोरलमधले कुठले शॉर्टकट बोटांत बसलेत ते मला आधी पाहिजे, कारण ते नसले तर मामांच्या दुकानात हे कुणी दुसऱ्यांदा उघडणार नाही.